चाळीस दिवसांचं बर्फ

पुण्याहून सिंहगड रस्त्यानं निघालं की वडगाव बुद्रुक लागतं आणि वडगाव खुर्दही लागतं. बुद्रुक म्हणजे बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. अशा जोड्या महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आपण ती नावं इतक्या सहज बोलून जातो की त्यांचा अर्थ विचारायचं कुणाला सुचत नाही. काश्मीरमध्ये थोरल्या-धाकट्याची हीच वाटणी हिवाळ्याची करतात. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ लागते. कलान म्हणजे थोरली. ती चाळीस दिवसांची. जानेवारीच्या अखेरीला ती सरली की वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ येते, आणि तिच्या पाठोपाठ दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’. चाळीस, वीस आणि दहा. थंडी दर टप्प्याला निम्मी होत जाते, असा हा हिशोब आहे.

‘चिल्ला’ हा शब्द फारसी ‘चिहिल’वरून आला. चिहिल म्हणजे चाळीस. आपला ‘चाळीस’ आणि तो ‘चिहिल’ मुळात एकाच घराण्यातले, दोन देशांत वाढलेले चुलतभाऊ म्हणा. फकिरानं चाळीस दिवस एकांतात बसून साधना केली की त्याला दख्खनमध्येही चिल्लाच म्हणतात. इराणातही हिवाळ्याची थोरली आणि धाकटी ‘चेल्ले’ आहे आणि तिथलीही थोरली वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीपासूनच मोजतात.

आपल्याकडे शेतकरी ‘मृग लागला’, ‘हस्त लागला’ म्हणतो, तसं काश्मिरी माणूस ‘चिल्लई कलान लागली’ म्हणतो. मृगाचा पाऊस आणि हस्ताचा पाऊस शेतकऱ्याच्या लेखी सारखा नसतो. मापात दोन्ही तेवढेच भरले तरी एक पेरणीचा असतो, दुसरा रब्बीसाठी ओल देणारा. काश्मीरमध्ये बर्फाचं तसंच आहे. किती पडलं याच्याइतकंच कधी पडलं हेही मोलाचं, आणि चिल्लई कलानमध्ये पडलेलं बर्फ सर्वांत मोलाचं. हे असं का, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी तारखेचं कोडं सोडवू. २१-२२ डिसेंबरची रात्र सर्वांत मोठी. त्यानंतर दिवस वाढू लागतो. मग थंडी कमी व्हायला हवी, ती उलट महिनाभर वाढत का जाते? दुपारी बाराच्या सुमाराला सूर्य डोक्यावर असतो, पण ऊन भाजतं ते दोन-अडीचला. कारण बारानंतरही जमिनीला मिळणारी उष्णता तिच्याकडून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्तच असते. हिवाळ्यात हाच हिशोब उलटा चालतो. डिसेंबरअखेरीला दिवस मिनिटामिनिटानं वाढत असला तरी लांब रात्रीत जमीन जेवढी उष्णता गमावते तेवढी तिला दिवसा परत मिळत नाही. तोटा साचत जातो. जमा आणि खर्च सारखे व्हायला जानेवारीचा शेवट उजाडतो. जुन्या लोकांनी हे चाळीस दिवस थर्मामीटर न वापरता ठरवले आणि ते बरोबर ठरवले.

दुसरं कोडं याहून गमतीचं आहे. आपल्याला वाटतं, बर्फ पडतं म्हणजे त्या दिवशी कडाक्याची थंडी असणार. श्रीनगरच्या माणसाला विचारा. तो सांगेल, बर्फ पडतं त्या रात्री गोधडी एक कमी लागते. गारठून जायला होतं ते आकाश निरभ्र असताना.

२०२४च्या डिसेंबरमध्ये हे लख्ख दिसलं. चिल्लई कलान लागली त्याच रात्री श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर उतरला. डिसेंबरमधली एवढी थंड रात्र शहरानं त्याआधी १९७४ साली पाहिली होती. आणि शहरात तोवर बर्फाचा कण पडलेला नव्हता. आकाश स्वच्छ होतं, चांदणं पडलं होतं आणि नळ दगडासारखे गोठले होते. आठवड्याभरानं, २७ तारखेला, ढग आले, जोरदार बर्फवृष्टी झाली, रस्ते बंद पडले, विमानं रद्द झाली, आणि रात्रीचं तापमान मात्र चढून शून्याच्या जवळ आलं.

कारण साधं आहे. जमीन दिवसभर घेतलेली उष्णता रात्री आकाशाकडे सोडत असते. वर ढग असले की ते पांघरुणासारखे वागतात, बरीचशी उष्णता खाली परत पाठवतात. ढग नसले की ती मोकळी निघून जाते. त्यात काश्मीरचा आकार परातीसारखा. नैर्ऋत्येला पीर पंजालची रांग, ईशान्येला मुख्य हिमालय, आणि मध्ये सुमारे १३५ किलोमीटर लांब व ३२ किलोमीटर रुंद खोरं. थंड हवा जड असते. रात्री ती डोंगरउतारांवरून ओघळत येते आणि परातीच्या तळाशी साचते. श्रीनगर या तळाशी आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५८५ मीटरवर. म्हणून कधीकधी वरच्या उतारावरचं गाव खालच्या शहरापेक्षा उबदार असतं. घराघरातल्या शेगड्यांचा धूरही याच साचलेल्या हवेत अडकून सकाळभर रस्त्यांवर तरंगत राहतो.

अशा रात्रींतला जुना उच्चांक, खरं तर नीचांक, ३१ जानेवारी १८९३चा आहे: उणे १४.४ अंश. अलीकडे तितकं होत नाही, पण उणे पाच-सहा ही चिल्लई कलानमधली नित्याची गोष्ट आहे. दल सरोवराचा काठ गोठतो. शिकारेवाले सकाळी वल्ह्यानं बर्फाचा पापुद्रा फोडत वाट काढतात. सगळं सरोवर गोठण्याचे हिवाळे आता विरळ झाले. गोठलेल्या दलवर जीप चालवल्याच्या आठवणी जुने लोक सांगतात. पण वर बर्फ झालं तरी तळातले मासे जगतात, ही पाण्याच्या एका विलक्षण स्वभावाची करामत. थंड होत जाताना पाणी चार अंशांपर्यंत जड होत जातं आणि त्याखाली पुन्हा हलकं होतं. त्यामुळे चार अंशांचं पाणी तळाशी बसतं, शून्याचं वर येतं, आणि गोठणं वरून सुरू होतं. वर बर्फाचं झाकण बसलं की खालचं पाणी सुरक्षित. पाण्याचा हा स्वभाव नसता तर हिवाळ्यातल्या सरोवरात जीव उरला नसता.

रोजच्या मराठीत या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो: बर्फ. आकाशातून पडतं तेही बर्फ, फ्रीजमध्ये होतं तेही बर्फ, उसाच्या रसात घालतात तेही बर्फ. आपल्याला दुसऱ्या शब्दाची गरजच पडली नाही. काश्मिरीत आकाशातून पडणारं ते ‘शीन’, गोठून घट्ट झालेलं ते ‘यख’, आणि छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांना ‘शिशरगांठ’. या शब्दात आपला शिशिर ऋतू ऐकू येतो.

आता हे शीन येतं कुठून? आपल्या पावसासारखं ते अरबी समुद्राच्या मोसमी वाऱ्यावर येत नाही. जून-जुलैत नैर्ऋत्य मान्सून पीर पंजालला धडकतो आणि त्याचं बरंचसं पाणी अलीकडेच, जम्मूच्या बाजूला, सांडतं. काश्मीरचं खोरं त्या मानानं कोरडं राहतं. त्याचा खरा पाऊस हिवाळ्यात आणि वसंतात, पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्राच्या आसपास कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. हिवाळ्यात उंच आकाशातला पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वारा दक्षिणेला सरकून हिमालयाच्या माथ्यावर येतो आणि ही क्षेत्रं त्याच्यावर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत हजारो किलोमीटर चालून येतात. वाटेत कॅस्पियनकडून, अरबी समुद्राकडूनही ओल घेतात. हवामान खातं यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतं. हिमालयाची भिंत समोर आली की ही ओली हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेट स्फटिक होतात. हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा विक्षोभ येतात. त्यातले सगळेच जोरदार नसतात. एखादा नुसतेच ढग दाखवून जातो.

हा पाहुणा काश्मीरपुरता थांबत नाही. विक्षोभ पूर्वेला सरकला की त्याच्या मागून उत्तरेची कोरडी थंड हवा मैदानांवर उतरते आणि दोन-तीन दिवसांत ती नाशिक जिल्ह्यापर्यंत येते. निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा वर काश्मीरमध्ये काही दिवसांआधी बर्फ पाडून गेलेल्या विक्षोभात असतं. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं, तेव्हाही उत्तरेच्या या वाऱ्यांचा आणि समुद्रावरून आलेल्या ओलीचा मेळ हेच कारण होतं. काश्मीरचा हिवाळा आपल्याला वाटतो तितका परका नाही.

स्फटिकांबद्दल थोडक्यात. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनात जुळतात, म्हणून हिमकण सहा पाकळ्यांचे. जपानमधल्या होक्काइदो बेटावर उकिचिरो नाकाया या शास्त्रज्ञानं १९३६ साली प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला, तोही सशाच्या केसाच्या टोकावर. त्यानं दाखवलं की तापमान आणि ओल बदलली की स्फटिकाचा आकार बदलतो: कधी चकती, कधी सुई, कधी नक्षीदार तारा. खाली पडलेला कण वरच्या हवेचा अहवालच असतो.

ताज्या भुसभुशीत बर्फाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग हवाच असते. म्हणून दहा सेंटिमीटर बर्फ वितळवलं तर साधारण एक सेंटिमीटर पाणी मिळतं. आणि म्हणूनच ते इतकं चांगलं पांघरूण असतं. अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. वर उणे आठ असताना बर्फाखालची जमीन शून्याच्या आसपास राहते. शरदात पेरलेली मोहरी या रजईखाली हिवाळा काढते आणि मार्च-एप्रिलमध्ये खोरं पिवळं करून सोडते. बर्फाविना आलेली थंडी पिकाला जास्त मारते, हे तिथल्या शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पहिल्या बर्फाचा तिथं सण असतो. त्याला ‘नव शीन’ म्हणतात, नवं बर्फ. जुना खेळ असा: पहिलं बर्फ पडलं की एखाद्या कागदात, डबीत किंवा कापडात त्याचा गोळा लपवायचा आणि मित्राच्या किंवा सोयऱ्याच्या हाती बेमालूम द्यायचा. त्यानं तो घेतला की तो हरला, त्यानं मेजवानी द्यायची. ही आवड फार जुनी आहे. सहाव्या ते आठव्या शतकातलं मानलं जाणारं ‘नीलमत पुराण’ काश्मीरचे सणवार सांगतं आणि त्यात पहिल्या हिमवर्षावाचा उत्सव आहे: हिमालयाची आणि नीलनाग या नागराजाची पूजा करायची, नवं मद्य प्यायचं.

त्याच पुराणात काश्मीरच्या हिवाळ्याची एक कथा आहे, ती मला सगळ्यात जास्त आवडते. पूर्वी माणसं तिथं वर्षातले सहाच महिने राहत. हिवाळा लागला की ती खोरं सोडून जात आणि सहा महिने पिशाच्चांचं राज्य असे. चैत्रात माणसं परतत. एका हिवाळ्यात चंद्रदेव नावाचा म्हातारा ब्राह्मण मागे राहिला. त्यानं नीलनागाकडून वर मिळवला की काही व्रतं पाळली तर माणसांना बाराही महिने इथं राहता येईल. पौषातल्या अमावास्येला काश्मिरी पंडितांच्या घरी अजूनही यक्षासाठी खिचडी बाहेर ठेवतात. कथा पुराणातली असली तरी तिच्यामागचा प्रश्न खरा आहे: इथं हिवाळा काढायचा तर काय काय यावं लागतं?

एक म्हणजे साठवण यावी लागते. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. पावसाच्या तोंडावर तिथं आगोट भरतात: सुकट, बोंबील, पापड, सांडगे, आमसुलं, लाकूडफाटा. चार महिने बाजार मिळेल न मिळेल. काश्मीरची आगोट ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. दुधीच्या लांब फिती सोऱ्यातून काढल्यासारख्या दोरीवर वाळत घालतात, त्या ‘अल हची’. वांगी उभी चिरून वाळवतात, त्या ‘वांगन हची’. टोमॅटोच्या चकत्या, पालेभाज्या, धुरावलेले मासे. या साऱ्याला मिळून ‘होख स्यून’ म्हणतात, म्हणजे सुकी भाजी. चिल्लई कलानमध्ये जम्मूचा महामार्ग बंद पडला की हीच माळेवरची उन्हं कढईत उतरतात. आता १९५६च्या जवाहर बोगद्यापासून २०२५मध्ये सुरू झालेल्या कटरा-श्रीनगर रेल्वेपर्यंत वाटा वाढल्या, भाजी बाराही महिने मिळते, तरी होख स्यून कमी झालेलं नाही. चव लागली ती लागली. श्रीनगरच्या जुन्या शहरात हिवाळ्याच्या पहाटे ‘हरिसा’ खायला रांगा लागतात. रात्रभर मंद आचेवर मटण आणि तांदूळ घोटून एकजीव केलेला हा पदार्थ वरून कडकडीत तेल ओतून, तंदुरी पोळीबरोबर खातात. तेही उजाडायच्या आत, कारण नऊ वाजेपर्यंत हंडा रिकामा झालेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कांगडी. ती जवळून पाहण्यासारखी आहे. आत मातीचं वाडग्यासारखं भांडं, कोंडल. त्याच्याभोवती बारीक फोकांची वीण आणि वर धरायला कडी. चरार-ए-शरीफची कांगडी तिच्या विणीसाठी नावाजलेली. भांड्याच्या तळाशी कोळशाचा चुरा घालतात. चांगला कोळसा विकत मिळतो, पण पुष्कळ घरांत तो शरदातच तयार झालेला असतो: बाया चिनारची गळलेली लाल पानं झाडून ढीग करतात, पेटवतात आणि भडका होण्याआधी वरून पाणी शिंपडून विझवतात. त्या चुऱ्यावर चुलीतले दोन-चार निखारे ठेवायचे, वर राखेचा पातळ थर. राखेचं काम महत्त्वाचं. तिनं हवा अडते आणि कोळसा भडकत नाही, तासन् तास धुमसत राहतो. कडीला साखळीनं एक चपटी पळी बांधलेली असते. तिला ‘चालन’ म्हणतात, च आपल्या ‘चाक’मधला. ऊब कमी झाली की पळीनं राख जरा बाजूला सारायची. निखारा डोळा उघडतो, हातांना लागतं, पुन्हा राख ओढायची. म्हातारी माणसं बोलता बोलता, न पाहता हे करतात.

ही कांगडी राहते फेरनमध्ये. फेरन म्हणजे गुडघ्याखाली येणारा ढगळ लोकरी अंगरखा. तो ढगळ का, याचं उत्तर कांगडीत आहे. दोन्ही हात बाह्यांमधून आत ओढून घ्यायचे, कांगडी पोटाशी धरायची, आणि कपड्याच्या आत एक छोटी उबदार खोली तयार होते. म्हणून जानेवारीत श्रीनगरच्या रस्त्यावर रिकाम्या बाह्या लोंबत चालणारी माणसं दिसतात. सगळं घर तापवण्याऐवजी माणूस तापवायचा, हा यातला हिशोब आहे. जळण दुर्मीळ असलेल्या मुलखात यापेक्षा शहाणा उपाय मला माहीत नाही. त्याची किंमतही आहे. वर्षानुवर्षं पोटाला आणि मांड्यांना निखाऱ्याची धग लागून त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. काश्मीरमध्ये काम करणारे डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ साली त्याची नोंद केली, आणि वैद्यकशास्त्रात तो आजही ‘कांगडी कॅन्सर’ याच नावानं ओळखला जातो. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपल्यानं गुदमरून मरण्याच्या बातम्या तर दर हिवाळ्यात येतात.

बर्फ जीव घेतं ते मात्र डोंगरावर. आणि इथंही निरभ्र थंड रात्रींचा हात असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडं बर्फ पडून मग आठवडेच्या आठवडे कोरडी थंडी पडली, तर त्या पातळ थराची खालची बाजू जमिनीमुळे शून्याजवळ आणि वरची बाजू उणे दहा-पंधरा अशी होते. या फरकानं थरातली वाफ वर सरकते आणि कण एकमेकांना न चिकटणारे, जाड साखरेसारखे होतात. मग मोठी बर्फवृष्टी येते. नवा जड थर त्या साखरेवर बसतो, आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका क्षणी सगळा घसरतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. ३० अंशांहून कमी उतारावर बर्फ सहसा टिकून राहतं. ४५ अंशांपेक्षा फार तीव्र उतारावर ते थोडं थोडं आधीच सांडत जातं, साचतच नाही. मधला उतार सर्वांत घातकी, कारण तो बर्फ साचूही देतो आणि सोडूनही देतो.

२००५च्या फेब्रुवारीत दक्षिण काश्मीरमधल्या वाल्टेंगू नाड या डोंगरातल्या वस्तीवर असाच कडा कोसळला. दीडशेहून जास्त माणसं गेली. वर्षानुवर्षं तिथं राहणाऱ्या लोकांनाही त्या वर्षीच्या बर्फाचा अंदाज आला नव्हता. ३ फेब्रुवारी २०१६ला सियाचिनवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यात सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. पाऊस-पाण्याच्या गावातून निघालेली आपली पोरं या बर्फात पहारा देतात. त्यांना प्रत्येक पावलाआधी उताराकडे पाहायला शिकावं लागतं. संरक्षण संशोधन संस्थेनं १९६९मध्ये मनालीत बर्फ आणि हिमस्खलनांच्या अभ्यासाचं केंद्र उभारलं, ते मुख्यतः याच गरजेतून. डोंगरी जिल्ह्यांसाठी आता हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे दिले जातात. पण इशारा वेळेवर पोचणं आणि तो पाळून वस्ती रिकामी करणं, यातलं अंतर अजून भरून निघायचं आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. कधी पडलेलं बर्फ कामाचं?

फार लवकर पडलं तर नुकसान. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’त तुंजीन राजाच्या काळचा दुष्काळ आहे: भाद्रपदात, भात पिकायला आलं असताना अचानक बर्फ पडलं आणि शेतंच्या शेतं गेली. हे फार जुनं झालं असं वाटेल. २०१८च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ७ नोव्हेंबर २०१९ला काश्मीरमध्ये अवेळी बर्फ पडलं. सफरचंदाच्या झाडांची पानं अजून गळली नव्हती. पानागणिक ओलं, जड बर्फ अडलं आणि फांद्याच नव्हे, पंधरा-वीस वर्षं वाढवलेली झाडं बुंध्यापासून चिरली. हेच बर्फ दीड महिन्यानं निष्पर्ण झाडावर पडलं असतं तर ते फांद्यांमधून खाली गळून गेलं असतं आणि बागवाल्यानं देवाचे आभार मानले असते.

कारण सफरचंदाला थंडी हवीच असते. जातीनुसार फरक असला तरी साधारण हजारभर तास सात अंशांखालची थंडी मिळाली तर झाडाची झोप पूर्ण होते आणि वसंतात फुलोरा एकाच वेळी, भरगच्च येतो. हिवाळा उबदार गेला की फूल लवकर आणि तुरळक येतं, आणि मग मार्चमधल्या एखाद्या थंड रात्री मारलं जातं.

फार उशिरा पडलं तरी उपयोग कमी. चिल्लई बच्चापर्यंत सूर्य चढलेला असतो, जमीन कोमट झालेली असते. तेव्हा पडलेलं बर्फ ओलसर असतं आणि चार-आठ दिवसांत वितळून झेलममधून वाहून जातं. चिल्लई कलानमधलं बर्फ कोरडं असतं. ते टिकतं. त्यावर पुढचा थर बसतो, त्याच्या वजनानं खालचा दबतो, घट्ट होतो. उंचावर ते हिमनद्यांना खुराक होतं. बाकीचं एप्रिलपासून थेंबाथेंबानं वितळतं. दक्षिण काश्मीरमध्ये डोंगर चुनखडीचा आहे. वितळलेलं पाणी त्याच्या भेगांत शिरतं, आत वाट काढतं आणि वेरिनाग, कोकरनाग, अचबल अशा झऱ्यांतून बाहेर येतं. भातलावणी होते ती या पाण्यावर. जानेवारीचं बर्फ आणि जूनची भातशेती यांच्यामध्ये डोंगर मुनीमासारखा बसलेला असतो, देणं हप्त्याहप्त्यानं देणारा.

हा व्यवहार आता बिघडू लागला आहे. २०२४च्या जानेवारीत चिल्लई कलान जवळजवळ कोरडी गेली. गुलमर्गचे २,६५० मीटर उंचीवरचे उतार, जिथं त्या दिवसांत स्कीवाल्यांची गर्दी असते, तिथं तपकिरी गवत दिसत होतं. बर्फ आलं ते महिनाअखेरीला आणि फेब्रुवारीत. पुढच्या वर्षी, २०२५ला, गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. आणि त्याच फेब्रुवारीत अचबलच्या मोगल बागेतला झरा आटला. जहांगीरच्या काळापासून ज्याच्या पाण्यावर बागेतले पाट आणि आसपासची गावं चालतात, तो झरा. दगडी कुंडाच्या तळाला शेवाळ आणि चिखल उघडा पडला. स्त्रिया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या राहिल्या. मराठवाड्यात हे दृश्य मे महिन्यात दिसतं. इथं ते फेब्रुवारीत दिसलं, आणि तेही हिमालयाच्या कुशीत.

मार्चमध्ये पुन्हा बर्फ पडलं, पर्यटकांना मजा आली, आकड्यांची तूट थोडीफार भरली. पण मार्चचं बर्फ जानेवारीच्या बर्फाची जागा घेत नाही, हे आता वाचकाच्या ध्यानात आलं असेल. एकूण बेरीज बरी दिसली तरी हप्त्यांनी मिळायचं पाणी एकरकमी येऊन निघून जातं.

तेव्हा यंदाच्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये बर्फ पडल्याची बातमी आली, पांढऱ्या छपरांचे फोटो फिरू लागले, की आधी बातमीची तारीख पाहा. ती २१ डिसेंबर ते जानेवारीअखेर यांच्यामधली असेल, तर तिथल्या भाताला आणि अचबलच्या झऱ्याला त्या वर्षी पाणी मिळण्याची आशा आहे.